भाऊंच्या अँबॅसिडरचे ब्रेक

एकवीस वर्षं मी कुणाच्याही गाडीच्या ब्रेकला हात लावला नाही. रत्नागिरीत छत्तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस हे सांगतोय म्हटल्यावर वाचणाऱ्याला हसू येईल. येऊ दे. गिऱ्हाइकंही हसायची. "मेस्त्री गाडी पळवून देणार, थांबवायची असेल तर दुसरीकडे जा," अशी माझी ख्याती होती. मीही दात काढायचो आणि वळणावरच्या दुसऱ्या गॅरेजकडे बोट दाखवायचो. ब्रेकचं काम वाकून करावं लागतं, माझी कंबर धरते, असं सांगायचो. कंबरेला काही झालेलं नव्हतं.

ह्या अंकाचे संपादक म्हणाले, गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा. गमतींना काय तोटा! एक निवृत्त हेडमास्तर दर रविवारी यायचे, बॉनेट उघडायला लावायचे आणि इंजिनाला कान लावून म्हणायचे, "आज जरा सर्दी वाटते." काही झालेलं नसायचं. मी एक स्क्रू अर्धा फेरा सोडायचो, पुन्हा तेवढाच आवळायचो. मास्तर खूश होऊन जायचे. दुसरा एक मासळीचा टेंपोवाला. बर्फाचं खारं पाणी गळून गळून टेंपोची चासी कुजली होती आणि हा मला सांगतोय, "मेस्त्री, वरून रंग मारा फक्त, देवीची पालखी येतेय." अशी वीस माणसं सांगेन. पण लिहायला बसलो की हात एकाच गाडीकडे जातो, तर तिचंच लिहितो.

पूर्णगडचे भाऊ म्हणजे आंब्याचे बागायतदार. उंच, गोरे, बोलायला मऊ. त्यांची पांढरी अँबॅसिडर नवी होती तेव्हापासून माझ्याकडे यायची. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालायचा नाही. त्या वर्षी हरतालिकेच्या आदल्या दिवशी ते गाडी घेऊन आले. पाय दाबला की ब्रेक उशिरा लागतो म्हणाले.

आता गणपतीच्या आधीचे चार दिवस कोकणातल्या गॅरेजमध्ये काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मुंबईची सगळी माणसं उतरलेली, प्रत्येकाची गाडी वाटेत काहीतरी होऊन आलेली, आणि प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता हवी. त्यात मलाही माझा गणपती आणायचा होता. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, माझा पाट केव्हाचा देऊन ठेवलेला आणि मूर्तिकाराचा निरोप येऊन गेला होता की पाच वाजेस्तोवर या, मग मी सोंडेची जबाबदारी घेणार नाही.

ब्रेकचं काम तसं सोपं. तुम्ही पाय दाबता, तो नळीतल्या तेलाला ढकलतो, तेल चाकातल्या पट्ट्यांना ढकलतं, चाक धरलं जातं. तेलात हवा शिरली की पाय नुसता खाली जातो. म्हणून रबरं बदलायची आणि हवा काढायची. प्रत्येक चाकामागे त्यासाठी एक बारका नट असतो, त्याला आम्ही निपल म्हणतो. एकाने आत बसून पाय दाबायचा, दुसऱ्याने खाली निजून निपल सोडायचं, बुडबुडे गेले की आवळायचं. त्या दिवशी आत बसून पाय दाबायला खुद्द भाऊच होते. "दाबा भाऊ. सोडा भाऊ." चार चाकं झाली. साडेचारला गाडी गेली, पाच वाजता मी गणपतीच्या शाळेत.

माझे उस्ताद मिरकरवाड्याचे. त्यांनी मला एक शिस्त लावली होती. नट शेवटचा आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. "टिकली लावल्याबिगर गाडी सासरी धाडायची नाही," असं ते म्हणायचे. ठिपका दिसला म्हणजे काम पुरं झालं, डोक्याला ताप नाही.

हरतालिकेच्या सकाळी पूर्णगडच्या उतारावर भाऊंची गाडी सरळ जाऊन चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, आदळली. भाऊंचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. लोक धावले तेव्हा सुलभाकाकू, त्यांच्या पत्नी, मागच्या सीटवर होत्या, त्यांच्या कपाळाला खोक पडली. मी दवाखान्यात धावलो. भाऊ खाटेवर पडलेले, पाय टांगलेला. मला बघून त्यांनी नजर वळवली आणि म्हणाले, "ब्रेक लागलाच नाही, मेस्त्री."

मी तिथे उभा राहून आठवायला लागलो. चौथ्या चाकाचं निपल आवळलं का? ठिपका दिला का? काही म्हणजे काही आठवेना. पाट आठवत होता, सोंड आठवत होती, ते निपल आठवत नव्हतं. सैल राहिलं असेल तर रात्रभर तेल थेंब थेंब गळणार आणि सकाळी पाय खाली जाणार. हिशेब बरोबर जुळत होता.

"असू दे, चालायचंच," भाऊ म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग भाऊ काठी घेऊन चालायला लागले ते कायमचे. बाजारात त्यांची काठी लांबून ऐकू आली तरी मी दुसऱ्या गल्लीत वळायचो. गावात बोलणं व्हायचंच: मेस्त्रीनं ब्रेक केले आणि दुसऱ्या दिवशी गाडी गेली. भाऊ मात्र दर मे महिन्यात माझ्याकडे हापूसची पेटी पाठवायचे. घरातली सगळी मिटक्या मारत खायची. मी एकही फोड तोंडात घातली नाही. बायकोला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? मी एका देवमाणसाचा पाय मोडला?

बारा वर्षांनी भाऊ गेले. त्याच वर्षी मी गॅरेज बंद केलं. गाडी एवढी वर्षं त्यांच्या बागेतल्या मांगराच्या खोपटात, गवताच्या भाऱ्यांशेजारी पडून होती. मुलगा मुंबईला, त्याने भंगारवाला बोलावला. मला कळल्यावर मी पूर्णगडला गेलो आणि काकूंना म्हटलं, "मला द्या. मी उभी करतो."

काकूंनी मांगराची किल्ली माझ्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "न्या. पण उभी केलीत की मला दाखवायला आणा."

टेंपोतून गाडी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरली तेव्हा आमची ही कमरेवर हात ठेवून उभी. "मेलं हे डबडं कशाला आणलंत? कोंबड्यांना खुराडं हवं होतं म्हणून?"

मी सगळ्यांना सांगितलं, जुन्या गाडीची हौस आहे. थोडं खरंही होतं. पण आत वेगळंच होतं. ती चार निपलं त्या गाडीखाली होती. वाकून बघायचं, वर बसलेली माती खरवडायची, ठिपका आहे की नाही ते कळणार. पाच मिनिटांचं काम. मी काय केलं असेल? चारी चाकांना गोणपाटं बांधली. ही विचारायची तर सांगायचो, मांजर बसतं. आणि नऊ वर्षं ब्रेक सोडून बाकी सगळी गाडी केली!

समुद्राकाठच्या गाडीचा पत्रा म्हणजे भिजलेला पापड. दारात बोट घातलं तर आरपार. खारं वारं बाहेरून खात नाही, आतल्या पोकळ्यांमधून खातं. त्यामुळे नुसता रंग मारून काही होत नाही. कुजलेलं कापायचं, तेवढ्याच मापाचा नवा पत्रा ठोकून ठोकून वळवायचा, जोडायचा. एकेका दाराला एकेक पावसाळा गेला. सुट्या भागांसाठी कोल्हापूरपर्यंतचे भंगारबाजार पालथे घातले. मागच्या दाराच्या एका मुठीसाठी तीन वर्षं थांबलो.

त्यात एक मूर्खपणा केला, तो फक्त कोकणातलाच माणूस करू जाणे. आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल घराच्या वाशांना लावतात, होडीला लावतात. वाळवी फिरकत नाही, लाकूड कुजत नाही. मला वाटलं, मग गंजाची काय बिशाद! गाडीचा तळ आणि दारांच्या पोकळ्या, सगळीकडे दोन हात मारले आणि स्वतःची पाठ थोपटली. पुढच्या वर्षी तिथेच एक ठिगळ जोडायला गॅसची ज्योत धरली आणि जो धूर आला, देवा! काजूचं तेल अंगाला लागलं की कातडी सोलून काढतं हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. धूर तेच करतो हे मला डोळे मिटल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी तोंड टम्म सुजलेलं, डोळ्यांच्या नुसत्या फटी. हिने आरसा आणून पुढे धरला. "चतुर्थीला महिना आहे अजून. सोंड तेवढी लावायची राहिलीय." आठ दिवस मी घराबाहेर पडलो नाही. पण एक सांगतो, त्या तळाला आजतागायत गंज नाही.

नंतर नवीन गोष्टी आल्या. माझा खांदा दुखतो म्हणून पॉवर स्टीअरिंग बसवलं. हिची मागणी म्हणून एसी बसवला. "एवढी वर्षं खळं अडवलंत, निदान गार हवा तरी खाऊ दे," ती म्हणाली. पुढच्या-मागच्या सीटना पट्टे, चांगले दिवे, सगळं परवानगी काढून. शेजारचे बँकेतले निवृत्त गृहस्थ रोज गडग्यावरून वाकून हळहळायचे, "मेस्त्री, ओरिजिनल ठेवायला हवी होती हो." मी म्हटलं, "ओरिजिनल तर माझे दातही नाहीत. चावायला अडतं का काही?"

शेवटी राहिले ब्रेक. पुढच्या चाकांना नव्या पद्धतीचे डिस्क ब्रेक लावायचे म्हणजे जुने सगळे काढायला हवेत. सामानाचं खोकं येऊन पलंगाखाली पडलं. आठ महिने तिथेच. केर काढताना रोज हिची केरसुणी त्याला आपटायची आणि रोज ती मला ऐकवायची.

एके दिवशी काकूंचा फोन आला. अठ्ठ्याहत्तर वय, पण आवाज खणखणीत. "मेस्त्री, गाडी दाखवताय ना? माझ्या छातीचं काही खरं नाही म्हणतोय डॉक्टर. मी काय तुमच्यासाठी शंभरी गाठू?"

दुसऱ्या सकाळी चहा घेतला आणि खळ्यात आलो. पहिलं गोणपाट सोडलं.  फळी टाकून खाली निजलो. त्या उताराची तांबडी माती अजून चाकामागे बसलेली होती, दगडासारखी. तारेच्या ब्रशने घासली. नट दिसला. त्यावर पिवळा ठिपका. दुसरं चाक, ठिपका. तिसरं, ठिपका. चौथ्याला मला घासवेना. पाच मिनिटं नुसता पडून राहिलो. मग घासलं.

पिवळा ठिपका. पाना लावून बघितला, निपल हलेना. इतकं घट्ट की शेवटी तापवून काढावं लागलं. चाक उघडलं तर मी घातलेली रबरं जागच्या जागी, नळ्या शाबूत, कुठे गळल्याची खूण नाही. सगळं काम चोख होतं. मी त्या फळीवर उताणा पडल्या पडल्या हमसून हमसून रडलो. साठी उलटलेला माणूस, गाडीखाली.

ही धावत आली. तिला वाटलं, जॅक सटकला. मग तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती खाली मातीतच बसली. "एकवीस वर्षं हे एकट्याने गिळलंत? मी काय घरात शोभेला होते?" असं म्हणून तीही रडायला लागली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "पण ब्रेक चांगले होते तर भाऊ असं का म्हणाले?"

हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता. सुचल्यावर नकोसा झाला. गेलेल्या माणसाला खोटं कसं पाडायचं? मी ठरवलं, विचारायचं नाही. माझं मला कळलं, बस झालं.

नवे ब्रेक लावले, गाडी पासिंग होऊन आली आणि एका सकाळी आम्ही दोघं पूर्णगडला गेलो. काकू ओटीवरून हळूहळू उतरल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी आपला पढवल्यासारखा बोलत होतो. एसी, स्टीअरिंग. "आणि काकू, ब्रेक नवीन आहेत. जुनेही चांगलेच होते, पण..."

जीभ चावली. पण काकूंनी मान वर केली होती.

"चांगलेच होते ते," त्या म्हणाल्या. "गाडी मी चालवत होते, मेस्त्री."

 काकू ओटीच्या पायरीवर बसल्या आणि सांगायला लागल्या. भाऊ त्यांना पहाटे वरच्या सड्यावर न्यायचे. सडा म्हणजे आमचं उघडं कातळाचं माळरान, तिथे ना माणूस ना झाड. तिथे काकू गाडी चालवायच्या. लायसन नाही, आणि घरात सासूबाई. सुनेने गाडी हाकायची हे त्यांच्या कानावर जाण्याची सोय नव्हती. त्या सकाळी दोघं गणपतीवर टांगतात त्या माटवीला बांधायची रानफळं आणायला सड्यावर गेली होती. परत येताना काकू म्हणाल्या, आज खालपर्यंत मीच नेते. उतारावर समोर गाय आली.

"मला वाटलं, पाय ब्रेकवर आहे. तो ॲक्सिलरेटरवर होता. हे बाजूला बसलेले. पाय मोडला तरी आधी मला म्हणाले, लोक यायच्या आत तू मागे जाऊन बस, मी स्टीअरिंगकडे सरकतो. ब्रेक लागला नाही म्हणून सांगू."

डावा पाय मोडला होता, आणि गाडी डावीकडून चेपलेली. उजवीकडे, स्टीअरिंगमागे बसलेल्या माणसाला एवढं लागेल कसं, हे माझ्यासारख्या मेस्त्रीच्या ध्यानात यायला हवं होतं. पण गुन्हा आपलाच म्हणून एकदा मान्य केला की माणूस तपास करत नाही.

"पण काकू," ही म्हणाली, "ह्यांनी त्या दिवसापासून कुणाचे ब्रेक केले नाहीत. एकवीस वर्षं."

काकूंचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे? तुम्ही ते स्वतःवर घेतलंत? हे म्हणायचे, मेस्त्रीला मी सांगितलंय, मनाला लावून घेऊ नका म्हणून." मग त्या आत भिंतीवरच्या भाऊंच्या फोटोकडे वळून ओरडल्या, "ऐकलंत? आंबे पाठवून भागत नाही असं!"

राग आला का? आला, खोटं कशाला बोलू. एका वाक्याचं काम होतं. भाऊंनी बारा वर्षं ते वाक्य पोटात ठेवलं आणि पेट्या पाठवल्या. पण काकू तिथे पायरीवर बसून लहान मुलीसारख्या रडत होत्या, आणि नवऱ्याचा पाय आपण मोडला हे एवढी वर्षं त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आमची ही त्यांच्या शेजारी बसून त्यांची पाठ चोळत होती. माझा राग टिकला नाही. मला फक्त हलकं वाटत होतं, आणि सडकून भूक लागली होती. काकूंनी घावणे केले. मी नऊ खाल्ले.

निघताना काकू म्हणाल्या, "गावात तुमचं नाव गेलं ते आमच्यामुळे. मी आता कुणाकुणाच्या दारात जाऊन सांगू? तुम्ही लिहा कुठेतरी. नावानिशी लिहा."

म्हणून हे लिहिलं. छापायला द्यायच्या आधी कागद घेऊन पूर्णगडला गेलो. काकूंनी चष्मा लावून ओटीवर बसून सगळं वाचलं. काजूच्या तेलाशी हसल्या, दवाखान्याशी डोळे पुसले. मग माझ्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि एका ओळीवर रेघ मारली. मी लिहिलं होतं, 'काकू तेव्हा गाडी शिकत होत्या.'

"हे चूक आहे," त्या म्हणाल्या. "शिकत कसली? दोन वर्षं चालवत होते. अख्खा सडा रिव्हर्समध्ये फिरायचे मी. नीट लिहा."

तेव्हा नीट लिहितो. सुलभाकाकूंना गाडी उत्तम येत होती. त्या दिवशी त्या चुकल्या.